तालांत कोणी पुरला?



गेल्या २६ जानेवारीला आपल्या मैदानावर फुटबॉलच्या स्पर्धा झाल्या. प्रमुख पाहुणे वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून बक्षीस समारंभात बोलण्याची पाळी माझ्यावर आली. धर्मगुरूच्या हातात माइक आला की काय होतं, हे तुम्ही दर रविवारी अनुभवता. मी संत मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायाकडे वळलो. मालक परदेशी जाताना तीन चाकरांकडे पैसा सोपवतो, कुणाला पाच तालांत, कुणाला दोन, कुणाला एक. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा भीतीपोटी आपला तालांत जमिनीत पुरतो आणि मालक परत आल्यावर बोलणी खातो.

मुलं फुटबॉलची, म्हणून उदाहरणही फुटबॉलचं दिलं. नेव्हिल डिसोजा यांचं. मूळ गोव्याचे, मुंबईत खेळलेले, आपल्याच श्रद्धेतले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत ४-२ असा जिंकला आणि त्या चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. मुलं कान देऊन ऐकत होती. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पुढे म्हणालो, "आपल्याकडेही देवाने एकाला असेच पाय दिले आहेत. डिसेंबरात जिल्ह्याच्या ठिकाणी निवड चाचणी होती. नाव दिलेलं होतं. तो गेलाच नाही. देवाने दिलेला तालांत त्याने मातीत पुरला."

नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, सगळ्यांना कळलं.

दोन-तीन दिवसांनी त्या मुलाची आजी आली. आपल्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या सगळ्यांना 'तू'च म्हणतात, फादरलाही आणि देवालाही. त्यात अनादर नसतो. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "फादर, तू सांगलास त्यानं पैसा मातीत पुरला. अरे, तो मातीतच होता. विटा थापत होता."

दिवाळी झाली की आपले पाडे कसे ओस पडतात, हे डहाणू-तलासरीच्या माणसाला सांगायला नको. कुणी वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातो. कुणी त्याच्याही आधी, पावसाळा पुरता सरायच्या आतच, वेरावळ, ओखा, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून चढलेला असतो. या मुलाच्या बापाने भट्टीवाल्याकडून बयाना घेतला होता, घरातल्या आजारपणापायी. बयाना घेतला की घरातले हात मोजून द्यावे लागतात, आणि पोराचे दोन हात त्या मोजणीत होते. मिस्सेला तो दोन महिने दिसला नव्हता. तो का दिसत नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. आळस असेल, असं मीच ठरवून टाकलं.

आजीची मी क्षमा मागितली. ती उठून गेली, पण तिचं वाक्य गेलं नाही. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे आणि आज तो तुमच्यापुढे ठेवतो. माणसाच्या अंगातला गुण वाया गेला, तर तो वाया कोणी घालवला हे कसं ठरवायचं?

दाखला मी पुन्हा वाचला. आपण 'तालांत' म्हणतो तेव्हा अंगचा गुण, कला असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. येशूच्या काळी तालांत हे वजन होतं, चांदीचं किंवा सोन्याचं. चांदीचा एक तालांत म्हणजे साध्या मजुराची जवळपास वीस वर्षांची मजुरी. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळालं, त्याच्याही हातात आपल्या एका अख्ख्या कुटुंबाच्या वीस वर्षांच्या कष्टाएवढा पैसा होता. शिवाय मालक दूर देशी गेलेला, वेळ भरपूर, आणि बाजार तिघांनाही सारखाच खुला. त्या चाकराला अडवणारं कुणी नव्हतं, त्याच्या स्वतःच्या भीतीशिवाय. म्हणूनच तो दोषी ठरतो. ज्याच्यासाठी बाजारच बंद आहे, अशा माणसाबद्दल हा दाखला काही बोलत नाही. ते मी बोललो, आणि येशूच्या तोंडी घातलं.

मग नेव्हिल डिसोजांचीही गोष्ट मी पुन्हा नीट पाहिली. भाषणात ती मी फार सोपी करून सांगितली होती.

नेव्हिल यांच्या पायांत जादू होती यात शंका नाही. त्या स्पर्धेत त्यांनी चार गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांचं नाव लागलं. दुसरे दोघे बल्गेरियाचा आणि युगोस्लाव्हियाचा. पण ते चेंडूपर्यंत पोहोचले कसे? त्या काळात मुंबईत कंपन्यांचे फुटबॉल संघ होते. टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्या खेळाडूला नोकरी देत, पगार देत आणि सरावाला मोकळीक देत. नेव्हिल टाटांकडून खेळले, नंतर कॅल्टेक्सकडून, आणि कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला. खेळायचं की घर चालवायचं, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला नाही, कारण खेळूनच घर चालत होतं. आज ते दार बरंच अरुंद झालं आहे. महिंद्रासारखा नावाजलेला संघसुद्धा २०१० साली बंद झाला.

पुढे पाहा. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक, या संघाचे प्रशिक्षक होते. तो माणूस मुंबईच्या, कोलकात्याच्या, हैदराबादच्या पोरांना एकत्र आणून त्यांचा एक संघ करू शकत होता. पी. के. बॅनर्जींसारखा गडी उजव्या बगलेत होता आणि समर बॅनर्जी कर्णधार होते. आणि एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरी म्हणजे त्या काळातली फुटबॉलमधली महासत्ता. तो संघ मैदानावर उतरलाच नाही आणि भारताला पुढची चाल मिळाली. त्याच नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. एका देशावर कोसळलेल्या संकटाच्या दिवसांत दुसऱ्या देशाच्या पोरांना एक दार उघडं सापडलं. यात नेव्हिल यांचा काही दोष नाही. पण यात त्यांचं कर्तृत्व तरी काय?

ऑस्ट्रेलियाला हरवल्यावर उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल नेव्हिल यांनीच केला. थोडा वेळ भारत पुढे होता. मग चार गोल झाले आणि आपण ४-१ हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं. चौथा क्रमांक, पदक नाही. तरी ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताची एवढी मजल त्याआधी गेली नव्हती आणि त्यानंतरही गेलेली नाही. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले. नेव्हिल यांना तो कधी मिळाला नाही. १९८० साली, अवघ्या ४७ व्या वर्षी, ते गेले. आता वांद्र्याला त्यांच्या नावाचं मैदान आहे आणि २०२४ साली रहीमसाहेबांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, त्यात नेव्हिलही दिसतात. हे सगळं बघायला ते नव्हते.

थोडक्यात, ज्याला आपण 'तालांत वापरलेला माणूस' म्हणतो, त्याच्या यशातही इतरांनी दिलेलं किती होतं आणि त्याच्या विस्मरणात इतरांची हयगय किती होती, हे मोजायला बसलं की हिशेब गुंतत जातो.

इंग्लंडची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. जिमी ग्रीव्ह्ज हा त्या देशाचा त्या काळातला सर्वांत निष्णात स्ट्रायकर. देशासाठी ५७ सामन्यांत ४४ गोल, आणि पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये ३५७. १९६६ साली विश्वचषक इंग्लंडमध्येच होता. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात ग्रीव्ह्जच्या पायाला खोल जखम झाली, टाके पडले. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. ग्रीव्ह्ज पुढे बरा झाला, पण संघ जिंकत होता, म्हणून प्रशिक्षकाने बदल केला नाही. अंतिम सामन्यात हर्स्टने पश्चिम जर्मनीविरुद्ध तीन गोल केले. इंग्लंड ४-२ जिंकला, योगायोगाने मेलबर्नचाच स्कोअर. ग्रीव्ह्ज कोट घालून बाकावर बसून होता. तेव्हा पदकं फक्त मैदानावरच्या अकरा जणांना मिळत. ग्रीव्ह्जला त्याचं पदक मिळालं २००९ साली, त्रेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात तो दारूत बुडाला, १९७८ साली दारू सोडून त्यातून बाहेर आला, पुढे टीव्हीवर फुटबॉलबद्दल बोलून घराघरांत पोहोचला, आणि २०२१ साली वारला. ज्याला 'सर' ही पदवी मिळाली, तो हर्स्टसुद्धा खेळ संपल्यावर विम्याच्या धंद्यात होता.

हर्स्टने ते गोल स्वतःच्या पायाने मारले. कुणी दान दिलं नाही. पण मारायला तो जिथे उभा होता, ती जागा दुसऱ्याच्या जखमेतून मिळाली होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि अवघड तेच आहे.

पुण्याला तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलची बासरी आम्हाला परीक्षेला हमखास असायची. बासऱ्या वाटायच्या आहेत, तर सर्वांत चांगली बासरी कुणाला द्यायची? श्रीमंताला नाही, कुलीनाला नाही, देखण्यालाही नाही. जो सर्वांत चांगली वाजवतो त्याला. वस्तू ज्या कामासाठी आहे, ते काम जो उत्तम करतो, त्याचा तिच्यावर हक्क. तेव्हा हे उत्तर मला अगदी बिनतोड वाटलं होतं. फुटबॉलचे बूट जो उत्तम खेळतो त्याला द्या, वाद मिटला. पण तलासरीच्या पाड्यात उभं राहिलं की मधली एक पायरी गळलेली दिसते. उत्तम वाजवणारा कोण, हे कळायला आधी सगळ्यांच्या हातात एकदा तरी बासरी यायला नको का? ज्याने बूट कधी घातलाच नाही, त्याला आपण कोणत्या मापाने मोजणार? अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्स यांनी १९७१ सालच्या आपल्या ग्रंथात याहून पुढचं पाऊल टाकलं. अंगचे गुणसुद्धा माणसाने कमावलेले नसतात, जन्मावेळी पदरात पडलेले असतात, म्हणून त्यांच्या फळांवर एकट्याचाच हक्क सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे वाचलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. संत पौलाने करिंथकरांना हेच विचारलं होतं, की तुमच्याजवळ असं काय आहे जे तुम्हाला कुणी दिलेलं नाही, आणि दिलेलंच असेल तर फुशारकी कसली?

इथे कुणी म्हणेल, फादर, मग कौतुकही बंद करा आणि दोषही देऊ नका. सगळंच नशीब असेल तर आळशी पोरांना आयती सबब मिळेल. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. आपल्याच धर्मग्रामात अशी मुलं आहेत, ज्यांच्याकडे बूट आहेत, सायकल आहे, घरून विरोध नाही, तरी सकाळी सहाच्या सरावाला ती उठत नाहीत. त्यांना मी तालांतांचा दाखला पुन्हा ऐकवणार आहे, आणि थोडा चढ्या आवाजात. नेव्हिल यांना नोकरी, प्रशिक्षक, सोबती हे सगळं मिळालं होतं हे खरं. पण ते सगळं त्यांच्या संघातल्या इतरांनाही मिळालं होतं, आणि तीन वेळा चेंडू जाळ्यात त्यांनीच घातला. कृपा आणि कष्ट यांची एकमेकांशी स्पर्धा नसते, असं आपली ख्रिस्तसभा शिकवते ते याचसाठी. मात्र तोच दाखला दोन मुलांना सांगितला, तर एकाला तो जागं करतो आणि दुसऱ्याच्या छातीवर धोंड्यासारखा पडतो. सांगणाऱ्याने आधी पाहायला हवं की आपल्यासमोर कोण उभा आहे. मी पाहिलं नव्हतं.

स्ट्रायकरची जागा लांबून फार मानाची वाटते. मैदानावर पाहा, तो बहुतेक वेळ वाट पाहत असतो. नव्वद मिनिटांत चेंडू त्याच्या पायाशी येतो तो काही क्षण. बाकी वेळ तो मोकळ्या जागेत धावतो, हात वर करतो, कुणी पास देईल का म्हणून मागे वळून बघतो. चेंडू आलाच नाही तर जगातला सर्वोत्तम स्ट्रायकरही काही करू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, आज तो खेळलाच नाही. हे लिहिताना मला आपल्या नाक्यावरची सकाळ आठवते. सात वाजता टिकाव-फावडी, डबे घेऊन उभी असलेली माणसं. एखादा टेम्पो थांबतो, चारजणांना घेऊन जातो, बाकीचे दहापर्यंत उभे राहतात आणि मग घरी परततात.

या माणसांचाही दाखला येशूने सांगितलाय, आणि तो त्याच शुभवर्तमानात पाच अध्याय आधी आहे. द्राक्षमळ्याचा मालक दिवसभर नाक्यावर फेऱ्या मारतो. दिवस मावळायला तासभर उरला असतानाही काहीजण तिथे रिकामे उभे दिसतात. तुम्ही दिवसभर असे का थांबलात, असं तो विचारतो. त्यांचं उत्तर एका ओळीचं आहे, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. मालक त्यांना आळशी म्हणत नाही. त्यांचं म्हणणं खरं मानतो, मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. मी इतकी वर्षं या दाखल्यावर प्रवचन देताना त्या मजुरीबद्दलच बोलत आलो, देवाच्या औदार्याबद्दल. मालकाने आधी जाऊन विचारलं, ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. तालांतांच्या दाखल्यातला मालक हिशेब मागतो. हा मालक हिशेब मागण्याआधी नाक्यावर जातो, एकदा नाही, दिवसातून पाचदा.

खेळायला पाय लागतात, चेंडू लागतो, पण त्याआधी मोकळा दिवस लागतो. आपल्या आजोबा-पणजोबांकडे तो नव्हता. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि जमीनदाराची वेठ यापुढे करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. लाल बावट्याशी आपलं सगळं पटतं असं नाही, पण गोदावरी परुळेकरांनी त्या दिवसांत इथल्या माणसाला 'नाही' म्हणायचं बळ दिलं, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. नेव्हिल तेव्हा बारा वर्षांचे होते, चेंडूमागे धावायच्या वयाचे. त्यांच्याच वयाच्या इथल्या पोरांचा दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. त्यांच्यातही कुणी नेव्हिल असेल. त्याने काय पुरलं आणि काय पुरलं गेलं, ते आता शोधून सापडायचं नाही.

वेठ गेली, बयाना राहिला. तो एका धर्मग्रामाने मिटणारा नाही. भट्टीवर मुलांसाठी शाळा भरवता येईल का, पोराला मागे ठेवायचं म्हटलं तर आजीच्या घरी दोन वेळच्या तांदळाची सोय कोण करील, याबद्दल पॅरिश कौन्सिलमध्ये बोलणं चालू आहे. सोपं काही नाही. एका बापाने मला सरळ विचारलं, "फादर, पोरगा इथं ठेवला तर त्याच्या वाटच्या विटा तू पाडशील?" मला उत्तर देता आलं नाही.

एवढं मात्र आमच्या हातात होतं, की स्पर्धेची तारीख बदलायची. २६ जानेवारी आपल्याला सोयीची होती, कारण झेंडावंदनाला सगळे येतात. पण 'सगळे' म्हणजे जे मागे उरलेत ते. यंदा स्पर्धा दिवाळीआधी घ्यायची असं ठरत आहे. त्यावरही वाद आहे. सप्टेंबरात मैदानात चिखल असतो आणि ऑक्टोबर उजाडला की भातकापणी लागते. मधे दोन रविवार सापडतात का, हे बघायला आज दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात बैठक आहे. ज्यांची मुलं भट्टीवर किंवा बोटीवर जातात, त्या घरच्यांनी मुद्दाम यावं. ज्यांच्या घरी मुलांना लहान झालेले बूट पडून असतील, त्यांनी ते सिस्टरांकडे आणून द्यावेत, फाटके असले तरी चालतील.

तो मुलगा पावसाच्या तोंडावर परत आला. उंच झालाय, तळहात खरखरीत झालेत. त्या भाषणाबद्दल मी त्याला सर्वांसमोर चूक कबूल करून सांगितलं, कारण चूकही सर्वांसमोरच केली होती. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि मग विचारलं, "फादर, पंप कुठंय? बॉलात हवा नाय."